कॅसेटमध्ये मावलेली रात्र

जुन्या गाण्यांबरोबर गाणी ऐकायच्या जुन्या साधनांचीही ओढ सध्या वाढली आहे. ग्रामोफोनच्या तबकड्या बाजारात पुन्हा मानाने विकल्या जातात, नव्या तबकड्या निघतात, आणि त्यांवर हजारो रुपये खर्चणाऱ्यांना रसिक म्हटलं जातं. कॅसेटच्या वाट्याला हा मान क्वचितच येतो. घर आवरताना ती पोत्यात भरली जाते आणि भंगाराच्या गाडीवर जाते. अहिल्यानगर जिल्ह्यापुरतं, म्हणजे तिथली माणसं अजून ज्याला नुसतं ‘नगर’ म्हणतात त्या मुलखापुरतं पाहिलं, तर हा न्याय उलटा आहे. या जिल्ह्याचं स्वतःचं गाणं आणि कथन तबकडीत कधी मावलंच नाही. ते आपल्या पूर्ण लांबीनिशी पहिल्यांदा उतरलं ते कॅसेटवर. म्हणून जपणुकीची निकड तबकडीपेक्षा कॅसेटला जास्त आहे.

तबकडीचं नगरशी नातं नव्हतं असं नाही. नगरजवळच्या अरणगावी १९२३ साली येऊन राहिलेले मेहेरबाबा संगीताचे मोठे भोक्ते होते. १० जुलै १९२५ पासून ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवेपर्यंत त्यांनी मौन पाळलं, पण त्यांच्या भोवती कव्वाली आणि गझल होती, ग्रामोफोनही होता. अरणगावजवळच्या मेहेराबादच्या टेकडीवर त्यांना समाधी देताना, त्यांच्याच इच्छेप्रमाणे, कोल पोर्टरच्या १९३५ सालच्या ‘बिगिन द बिगीन’ या गाण्याची तबकडी लावली गेली. पुढे १९७१ मध्ये इंग्लंडच्या ‘द हू’ या वाद्यवृंदाच्या पीट टाउनशेंडने आपल्या एका गाण्याच्या नावातच ‘बाबा’ घातलं. हे सगळं आज ठाऊक आहे, कारण त्या ऐकणाऱ्यांनी रोजनिशा ठेवल्या, पुस्तकं लिहिली, वस्तू सांभाळल्या. तबकडी ऐकणाऱ्यांच्या हाती बहुतेक वेळा लेखणीही होती. पाथर्डी किंवा अकोले तालुक्यातल्या वाडीत कॅसेट ऐकणाऱ्यांबद्दल असं कुणी लिहून ठेवलं नाही, आणि आजच्या आठवणींचा कल तबकडीकडे झुकण्याचं मोठं कारण तेच आहे.

तबकडीत काय मावत नव्हतं, हे साधा हिशेब घातला की कळतं. भारतात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मध्ये, कोलकात्यात, आणि गौहरजान त्यातल्या पहिल्या गायिकांपैकी एक. पुढची कित्येक दशकं मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची तबकडी चालली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास गाणं बसे. आता नगरकडची रात्र डोळ्यांसमोर आणा. हरिनाम सप्ताहातलं कीर्तन दोन तासांचं. आधी अभंग, मग निरूपण, मधे प्रमाणांची रांग, टाळकऱ्यांनी उचललेली चाल, मृदंगाची परण, पुन्हा मूळ चरणावर येणं. तमाशाची रात्र त्याहून मोठी: गण, गवळण, बतावणी, लावण्या आणि मग पहाटेपर्यंत चालणारा वग. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या पवळाबाई ज्या काळात पठ्ठे बापूरावांच्या फडात गाजत होत्या, त्याच काळात मुंबईत तबकड्यांचा धंदा उभा राहत होता. त्या धंद्याने तमाशातून उचलली ती लावणी, कारण ती कापून बसवता येई. तीन तासांचा वग घ्यायचा म्हटलं तर दोन्ही बाजू धरून तीसेक तबकड्या लागल्या असत्या. त्या कोण काढणार, आणि खेड्यात कोण विकत घेणार? बतावणीतला हजरजबाबीपणा आणि कीर्तनातलं निरूपण तबकडीच्या जगात बहुतांशी बाहेरच राहिलं.

कॅसेट आली ती मुळात गाण्यासाठी नव्हतीच. फिलिप्स कंपनीत लू ओटेन्स यांच्या हाताखालच्या मंडळींनी ती घडवली आणि १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मांडली, मुख्यतः बोलणं टिपण्यासाठी. जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंदीची, लोहाच्या ऑक्साइडचा लेप दिलेली प्लास्टिकची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या संथ वेगाने टेपच्या हेडसमोरून सरकते आणि विजेच्या संकेताप्रमाणे तिच्यावरचे कण चुंबकले जातात. या संथपणामुळे आवाजाचा वरचा पट्टा मंदावतो आणि सरसर ऐकू येते. पण त्याच संथपणामुळे खिशात मावणाऱ्या डबीत साठ किंवा नव्वद मिनिटं बसतात. यंत्र सेलवर चालतं, म्हणून वीज नसलेल्या वस्तीवरही चालतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तेच यंत्र ऐकवतंही आणि टिपतंही. तबकडी घरी कापता येत नसे, त्यासाठी कंपनीच लागे. कॅसेटवर आवाज उतरवायला लाल बटण आणि एक माणूस पुरे.

१९८० च्या दशकात दोन गोष्टींनी, स्वस्ताईने आणि टिपता येण्याने, गाण्याचा व्यापार पालटला. तोवर एचएमव्हीचा जवळजवळ एकछत्री अंमल होता. मग टी-सीरीजसारख्या नव्या कंपन्या आणि त्यांच्या मागून असंख्य छोटे प्रकाशक आले. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारतातलं हे परिवर्तन सविस्तर मांडलं आहे. महाराष्ट्रातही तेच घडलं. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज विठ्ठलाच्या गाण्यांतून आणि भीमगीतांतून एकाच वेळी गावाच्या दोन्ही टोकांना पोचला. बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ घराघरांत लागू लागला. तमाशातल्या वगांच्या कॅसेट निघाल्या, संवादांसकट, हशा-टाळ्यांसकट. शिर्डीत आणि शनिशिंगणापुरात प्रसादाच्या दुकानांत नारळ आणि फोटोंशेजारी आरत्यांच्या कॅसेटची चळत दिसू लागली. कारखान्याकडे ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरांवर टेप बसले, आणि हंगामाच्या रात्री गावाबाहेरच्या रस्त्यावरून ती गाणी जाऊ लागली. नगर हा सहकारी साखरेचा जिल्हा. प्रवरानगरचा पहिला हंगाम १९५० चा, आणि मग नदीकाठाने कारखाने वाढत गेले. पाथर्डी-शेवगावकडून कोयता घेऊन निघालेली टोळी सहा-सहा महिने घर सोडते. पालात नेण्याजोग्या सामानात तबकडीला जागा नव्हती, टेपला होती.

छापील कॅसेटपेक्षाही मोलाची होती ती ‘भरून घेतलेली’. बाजारपेठेतल्या दुकानात यादी द्यायची आणि हवी ती गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून घ्यायची, हा एक प्रकार. दुसरा प्रकार जास्त खोल होता. सप्ताहात कुणी तरी माईकच्या जवळ टेप ठेवून काल्याचं कीर्तन उतरवून घेई. दोन तासांचं कीर्तन साठ मिनिटांच्या दोन कॅसेटींत, आणि बाजू पालटताना गळालेली ओळ कायमची गळालेली. जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, गावातल्या भजनी मंडळाची बारी हे सगळं असंच उतरलं. इथे गाणारा आणि टिपणारा एकाच गावातले होते. कुठला चरण किती वेळ घोळवायचा हे मुंबईच्या स्टुडिओतल्या घड्याळाने ठरवलं नाही.

यावर पहिला आक्षेप जाणकारांचा असतो: तीन मिनिटांच्या बंधनानेच तर थोर गाणं घडवलं. आक्षेप खरा आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या इवल्या वेळात राग जसा उभा केला, ती स्वतंत्र कला आहे आणि तिच्यावरचं प्रेम रास्त आहे. पण ख्यालाचा अर्क काढता येतो, निरूपणाचा येत नाही. दृष्टांत सांगून श्रोत्यांना हसवत, मग अचानक गंभीर करत अभंगाकडे परत आणणं, यात लागणारा वेळ हाच त्या कलेचा ऐवज आहे. दुसरा आक्षेप आवाजाच्या दर्जाचा. तोही मान्य. पण लाखेच्या तबकडीवरची खरखर आपण आनंदाने ऐकतो, तिला काळाची खूण म्हणतो. कॅसेटच्या सरसरीला मात्र दोष म्हणतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कॅसेटने चोरीच्या प्रती आणल्या, उथळ गाण्यांचा पूर आणला, माणसांत तेढ पेरणारी भाषणंही तिच्यावरून फिरली. हे सगळं झालं. जे साधन कुणाच्याही हाती जातं ते कुणाच्याही कामी येतं. त्या काळात माणसं काय ऐकत होती हे समजून घ्यायचं असेल तर ती फीतही ऐकावी लागेल, टाकून चालणार नाही.

आता सगळं मोबाइलवर आहे, मग काळजी कशाची, असं अनेकांना वाटतं. अकोले तालुक्यातल्या इंदुरीचे निवृत्तीमहाराज देशमुख, म्हणजे इंदुरीकर, यांची कीर्तनं आज जगभरची मराठी माणसं पडद्यावर पाहतात, आणि पूर्ण लांबीचं कीर्तन तिथे नक्की सापडतं. तरी हातोहात फिरतो तो अर्ध्या-एक मिनिटाचा तुकडा. सव्वातीन मिनिटांची तबकडीसुद्धा त्यापुढे ऐसपैस ठरते. कीर्तनातला एक विनोद वेगळा काढला की तो कुठल्या अभंगाच्या आधाराने आला होता हे हरवतं. दुसरं असं, की कंपन्यांच्या मालकीच्या कॅसेट त्या कंपन्या स्वतःच्या फायद्यासाठी नेटवर आणतीलच. गावात भरलेल्या कॅसेटला मालक नाही, म्हणून तिला आणणाराही नाही. अशी प्रत बहुधा एकच असते.

फीत फार काळ थांबणार नाही. दमटपणात तिच्यावर बुरशी धरते, लेप सुटतो, उन्हात डबी वाकते. नगरचा पूर्व भाग पर्जन्यछायेचा, कोरडा, म्हणून शेवगाव-जामखेडकडच्या कॅसेटना उन्हाची भीती जास्त. अकोल्यात घाटमाथ्यालगतच्या रतनवाडी-घाटघरकडे पावसाळाभर सगळं ओलं असतं, तिथल्या फिती आधी जातील. नगर शहरातल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात हस्तलिखित पोथ्या जपल्या आहेत. त्या पोथ्यांपैकी अनेक कुणाच्या तरी माळ्यावरून आल्या असतील आणि कुणाला तरी त्या कधी काळी रद्दी वाटल्या असतील. बोललेल्या मराठीसाठी कॅसेटचा दर्जा पोथीचाच आहे, आणि महाविद्यालयांचे मराठी विभाग, भजनी मंडळं, सप्ताह समित्या यांना त्या गोळा करून संगणकावर उतरवणं परवडण्याजोगं आहे. त्यासाठी लागतो एक धडका टेप, त्याचं हेड स्पिरिटने पुसणारा आणि फितीप्रमाणे त्याचा कोन जुळवणारा कारागीर, आणि एक संगणक. यांतला कारागीर सर्वांत दुर्मिळ आहे. दुरुस्तीची दुकानं मोबाइलकडे वळून बराच काळ झाला. ज्यांच्या हातात ते कसब आहे ते आता उतारवयाला लागले आहेत. म्हणून क्रमही तसाच लावायला हवा. कंपनीचं वेष्टन असलेल्या कॅसेट मागे ठेवाव्यात. ज्यांच्यावर पेनाने गावाचं नाव, तिथी, बुवांचं आणि मृदंगवाल्याचं नाव लिहिलं आहे त्या आधी घ्याव्यात, आणि त्यांतही घाटमाथ्यालगतच्या गावांतल्या सर्वांत आधी.