पितळेच्या पातेल्यातला यकृतरोग

सहा महिने ते चार-पाच वर्षे या वयातील मुलांना होणारा एक जीवघेणा यकृतरोग भारतात शंभर वर्षे ठाण मांडून होता. १९व्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यातील डॉक्टरांनी त्याची नोंद केली. पुढे ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ हे नाव रूढ झाले. मूल किरकिर करू लागे, पोट फुगे, बरगडीखाली टणक, धारदार कडेचे यकृत हाताला लागे. मग कावीळ, जलोदर आणि बहुधा काही महिन्यांत मृत्यू. एकाच घरातील पाठोपाठची भावंडेही दगावत.

संशोधनाला दिशा मिळाली ती तांब्यामुळे. ऑर्सिन नावाच्या रंगद्रव्याने यकृताचा तुकडा रंगवला, की पेशींमध्ये तांबे साठल्याची खूण असलेल्या तपकिरी कणांची दाटी दिसे. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या वजनात साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते. या मुलांत ते बहुधा ८०० च्या वर असे.

हे तांबे आले कुठून? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे स्टुअर्ट टॅनर यांनी उत्तर स्वयंपाकघरात शोधले. बाळाला वरचे दूध कधी सुरू केले आणि ते कोणत्या भांड्यात तापवले, हे त्यांनी आजारी व निरोगी मुलांच्या घरी विचारले. आजारी मुलांना गाईम्हशीचे दूध लवकर सुरू झाले होते आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवले, साठवले जात होते. कल्हई नसलेल्या भांड्यातले तांबे दुधातील केसीन या प्रथिनाला चिकटते आणि दुधासोबत बाळाच्या पोटात जाते. जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याची तान्ह्या यकृताची ताकद बेताचीच असते. संशोधकांचा हा निष्कर्ष १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

तांबे लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइनच्या चाचण्याही पुण्यात झाल्या. कावीळ होण्याआधी औषध सुरू केले तर काही मुले वाचत; उशीर झाल्यावर फारसा उपयोग होत नसे.

पितळेची भांडी वापरणाऱ्या सगळ्याच घरांत हा रोग का झाला नाही, हा आक्षेप रास्त होता. त्याचे उत्तर ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतातून मिळाले. तिथे १९०० ते १९७४ दरम्यान अशाच रोगाची १३८ मुले आढळली. त्यांनाही तांब्याच्या भांड्यात उकळलेले, पाणी घातलेले गाईचे दूध दिले जात होते. मात्र रोग ठरावीक घराण्यांतच दिसला. म्हणजे आनुवंशिक दुबळेपणा आणि तांबे यांची गाठ पडावी लागते, असे १९९६ च्या अहवालात मांडले गेले. तिथली भांडी बदलली आणि रोग ओसरला.

भारतातही आता हा रोग क्वचितच दिसतो. त्याचे श्रेय संशोधकांइतकेच स्टीलच्या पातेल्यांनाही द्यायला हवे. तांब्यापितळेची भांडी आज पुन्हा हौसेने घेतली जात आहेत. बाळाचे दूध मात्र त्यांत तापवू नये आणि साठवूही नये.