माळव्याचा पाऊस आणि कुमार गंधर्व

बेळगावजवळच्या सुळेभावी गावी 1924 साली जन्मलेले शिवपुत्र कोमकली, म्हणजेच पं. कुमार गंधर्व, यांच्या गाण्यात ऋतू ठायी ठायी भेटतात. मात्र निसर्ग त्यांच्याकडे आला तो बराचसा लोकांच्या तोंडून.

मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकून नाव होते न होते तोच क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी 1948 मध्ये ते माळव्यातल्या देवासला गेले. गायची बंदी होती, तेव्हा हाती उरले ते ऐकणे. अंथरुणावर पडल्या पडल्या माळवी गाणी कानावर येत. ही गाणी सणांशी, ऋतूंशी, कामाशी बांधलेली. इकडे पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातही भाताच्या आवणीचे गाणे चैत्रात कोणी म्हणत नाही.

अशा गाण्याची धून जेमतेम चार-पाच स्वरांची असते, पण त्या स्वरांची एकमेकांकडची ओढ पक्की असते. कुमारांनी ती नेमकी हेरली आणि तिचा विस्तार करून संजारी, मालवती, सहेली तोडी असे ‘धुनउगम’ राग उभे केले. अहिमोहिनी तर गारुड्याच्या पुंगीवरून सुचला. रागाचे मूळ लोकधुनेत आहे, हे त्यांचे ठाम मत होते. 1965 मध्ये आलेल्या ‘अनूपरागविलास’मध्ये त्यांच्या बंदिशी वाचायला मिळतात.

निसर्ग सुरांत आणण्याच्या वाटा वेगवेगळ्या. पाश्चात्त्य संगीतात बेथोव्हेनने 1808 च्या सहाव्या सिंफनीत बासरी, ओबो आणि क्लॅरिनेटवर पक्षी बोलते केले आणि पुढे वादळही वाजवले. आपल्याकडे असे हुबेहूब आवाज काढण्याची गरज सहसा भासत नाही. मियाँ मल्हारात कोमल गंधार झुलतो, दोन्ही निषाद एकमेकांना खेटून येतात, खर्जात सूर घुमतो आणि तेवढ्यावर आभाळ भरून येते.

कुमारांनी या परंपरेला लोकगीताची जोड दिली. ‘गीत वर्षा’ या कार्यक्रमात एकाच ऋतूच्या रंगछटा दाखवताना बंदिशींच्या जोडीला लोकगीतेही गायली. पुढे ‘गीत हेमंत’ आणि ‘गीत वसंत’ झाले. ‘माळव्याच्या लोकधुनां’चा कार्यक्रम तर शास्त्रीय मैफिलीच्या इतमामात रंगे, आणि हे धाडस त्या काळी मोठेच होते. 12 जानेवारी 1992 रोजी देवासलाच त्यांचे निधन झाले. त्यांचा मल्हार ऐकायचा, तर आधी या लोकधुना ऐकाव्यात.