बिळातले हवामान

सापाच्या पेटीत तळाला काय आंथरावे, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदाराला विचारायचा आहे. काथ्याचा भुसा, झाडाची साल, वाळू, की घरातली रद्दी? नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात या प्रश्नाचा विचार करू लागलो, तेव्हा मला तो भूगोलाचा प्रश्न वाटू लागला. साप ज्या प्रदेशातला, तिथली जमीन त्याच्यासाठी काय काय करत होती, हे कळल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

आधी कायद्याचे पाहू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे आपल्या शिवारातला नाग, धामण, दिवड किंवा मांडूळ पकडून घरात पाळता येत नाही. बॉल पायथनसारखा परदेशी अजगर कोणाकडे असेल, तर त्याची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. म्हणजे पेटीचा प्रश्न असे परदेशी साप, सर्पोद्याने आणि उपचारासाठी ठेवलेले जखमी साप यांच्यापुरता उरतो.

सापाचे सगळे अंग जमिनीला टेकलेले असते. पोटाखालचे रुंद खवले खाचखळग्यांत रोवून तो पुढे सरकतो. गुळगुळीत काचेवर नुसताच वळवळतो. ऊब आणि गारवा तो बऱ्याच अंशी खालूनच घेतो, लपतोही खालीच. तळ सतत ओला आणि घाण राहिला, तर पोटाच्या खवल्यांवर फोड येतात आणि ते कुजू लागतात. तळ आणि हवा अगदीच कोरडी असली, तर कात सलग निघत नाही. तुकडे अंगाला चिकटून राहतात, डोळ्यावरची पारदर्शक टोपीही कधी कधी सुटत नाही. म्हणून तळाच्या थराची निवड ही मुख्यतः ओलाव्याची निवड आहे.

इथेच एक गल्लत होते. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशातला. प्रदेश कोरडा, म्हणून आपल्या कोरड्या हवेत तो सुखाने राहील, असा तर्क केला जातो. पण हा अजगर दिवसाचा बराच वेळ उंदरांच्या बिळांत किंवा वारुळांत काढतो, आणि तिथली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते. आपल्याकडेही तेच. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते; वर पाऊल ठेववत नाही, पण हात-दीड हात खोल भेगेत गारवा असतो. उंदराची बिळे आणि या भेगा हीच सापांची उन्हाळ्यातली घरे. साप प्रदेशाच्या हवामानात कमी आणि बिळाच्या हवामानात जास्त राहतो. पेटीत आपल्याला हे दुसरे हवामान उभे करायचे असते.

याचे उत्तम उदाहरण चेन्नईजवळ आहे. इरुला जमातीच्या सर्पपकड्यांची सहकारी संस्था १९७८ साली स्थापन झाली. विष काढण्यासाठी पकडलेले साप ती मातीच्या मडक्यांत ठेवते. तळाला वाळू, तोंडाला सुती कापड. काही आठवड्यांनी साप परत सोडले जातात. मडके अंधारे असते, सच्छिद्र असल्याने हवा खेळती राहते आणि आतला उकाडा कमी होतो. माठातले पाणी गार कसे राहते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यातले शास्त्र वेगळे सांगायला नको.

आता आपल्याकडच्या वस्तू. वखारीतला भुसा नको: त्यात देवदार-पाइनची तेले, प्लायवूडचा डिंक आणि बारीक धूळ असते. शेतातली काळी माती भिजली की अंगाला लिंपून बसते, वाळली की ढेकूळ होते. कापूस-सोयाबीनच्या रानातली असेल, तर फवारणीचे अंशही असू शकतात. उसाचे चिपाड ओल धरते आणि लवकर बुरसते. काथ्याचा भुसा ओलावा टिकवतो, पण पूर्ण सुकला की धूळ उडते. तो मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये, इतकाच ओला हवा. आजारी किंवा नव्याने आणलेल्या सापाला साधी रद्दीच बरी. विष्ठा, रक्त, गोचीड लगेच दिसतात. कोरड्या थरावर एका कोपऱ्यात ओलसर काथ्या आणि त्यावर उलटे खापर ठेवले, तर सापाला दोन्ही हवामाने मिळतात आणि निवड त्याची राहते. पावसाळ्यात हाच काथ्या बुरसतो, म्हणून तो वारंवार बदलावा लागतो. आणि तापवणारा पट्टा जाड थराखाली ठेवला, तर उष्णता तिथेच कोंडते. खाली शिरणारा साप भाजतो.

हे सगळे ज्याच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे, तो साप मांडूळ. भुसभुशीत जमिनीत डोके खुपसून राहणारा, उंदीर खाणारा, बिनविषारी. आखूड बोथट शेपटीमुळे त्याला दुतोंड्या म्हणतात आणि गुप्तधनाच्या भ्रमापायी त्याची चोरटी विक्री होते. वजनावर भाव ठरतो, म्हणून तो प्लास्टिकच्या टाकीत किंवा गोणीत, शिरायला मातीही नसलेल्या जागी कोंडला जातो. त्याच्यासाठी कोणता थर योग्य, असे कोणी विचारले तर माझे उत्तर एकच: ज्या बांधावरून उचलला, तो बांध. नांगरताना मांडूळ दिसले तर त्याला जाऊ द्यावे; कोणी कोंडून ठेवल्याचे कळले, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.