अकोल्याचे ४४, रत्नागिरीचे ३४

मागे एका मे महिन्यात आमच्या शेजारी लग्न होते. त्यासाठी अकोल्याहून मुलीचे मामा आले होते, वय साठीच्या आसपास. सकाळी वर्तमानपत्रातले तापमानाचे आकडे पाहून ते मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्याकडे ४४ अन् तुमच्या रत्नागिरीत ३४! हे काय ऊन झालं का?" मीही हसलो. त्याच दुपारी मांडवामागे आचाऱ्यांच्या चुलाणापाशी ते चक्कर येऊन पडले. अंग घामाने निथळत होते, पायांत गोळे आले होते, सकाळपासून लघवी झालेली नव्हती. शुद्धीवर होते म्हणून निभावले. त्यांच्या हसण्यात मी सामील व्हायला नको होते.

पुष्कळांचा असा समज असतो की, आकडा मोठा तिथे धोका मोठा. पण शरीराला थंडावा घाम आल्याने मिळत नाही, तो घाम वाळल्याने मिळतो. हवेत आधीच ओलावा भरलेला असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणजे पाणी आणि मीठ गेले, अंग मात्र तापलेलेच राहिले.

हे घरी पाहता येते. भिंतीवरच्या तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घाला. (तापाचा थर्मामीटर यासाठी घेऊ नये.) हवा ४४ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर पारा २५ च्या आसपास उतरतो. हवा ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर तो २९ च्या खाली जात नाही. घामेजलेले अंग म्हणजे हे ओले फडकेच समजा. नागपूर-अकोल्याकडे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली गार करतो आणि मुंबईत तोच कूलर खोली दमट करून सोडतो, त्याचे कारणही हेच.

हवामान खातेसुद्धा हा फरक मानते. उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागासाठी किमान ४० अंशांची अट आहे, किनाऱ्यासाठी ३७ अंशांची. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर तासन्‌तास बसलेल्यांपैकी चौदा जण दगावले. त्या दिवशी तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भात एप्रिलमध्ये एवढ्याला कोणी बातमी म्हणणार नाही.

याचा अर्थ कोरडे ऊन सोपे असा मात्र नव्हे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ वर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. तेथील महापालिकेने २०१३ पासून उष्णतेसाठी वेगळी योजना आखली. कोरड्या हवेत घाम क्षणात उडतो, त्यामुळे किती पाणी गेले ते कळतच नाही. शिवाय हवा चाळीसच्या वर गेली की पंखा गरम झोतच अंगावर सोडतो. तेव्हा अंग ओले करून मगच वारा घ्यावा.

नव्या हवेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. आमचे मामा आदल्या रात्रीच उतरले होते! अशा पाहुण्यांना पहिले काही दिवस दुपारची धावपळ सांगू नये. मीठ घातलेले ताक, लिंबू-साखर-मिठाचे सरबत किंवा ओआरएस घोटाघोटाने देत राहावे. रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचे रुग्ण आणि लघवीच्या गोळ्या घेणारे यांनी मीठ-पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारावे. खिशात कांदा ठेवण्याबद्दल मला नेहमी विचारतात. कांदा खावा, खिशात ठेवून उपयोग नाही.

रुग्ण असंबद्ध बोलू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा, मग अंगाला घाम असो वा नसो. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असे म्हणून किनाऱ्यावर वेळ दवडला जातो. १०८ ला फोन करून गाडी येईपर्यंत सावलीत कपडे सैल करावेत, अंगावर गार पाणी ओतत राहावे, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवावा. आपल्याकडच्या दमट हवेत नुसत्या ओल्या फडक्यावर विसंबू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते फुप्फुसात जाते.

आणि आपल्यापैकी जे उन्हाळ्यात विदर्भात जातील त्यांनी घामाची किंवा तहानेची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला पाणी प्यावे. लघवी गडद पिवळी दिसली तर ते कमी पडते आहे.