गिलाव्याची मुदत

बीड जिल्ह्यात पूर्वी स्वयंपाकघराच्या छताला रंग देण्याचा प्रश्नच नव्हता. माळवदाची लाकडे चुलीच्या धुरानेच काळी होत. पुढे गावोगावी स्लॅब आला, गॅस आला आणि पांढऱ्याशुभ्र छताची हौसही आली.

इथली कितीतरी घरे ऊसतोडीच्या कमाईतून उभी राहतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघायचे, त्याआधी वास्तुशांत उरकायची. मग गिलावा ओला असतानाच ऑइलपेंट चढतो. ओल्या सिमेंटातला क्षार रंगातल्या तेलाचा अक्षरशः साबण करतो, ओल आत कोंडते आणि पोपडे सुटून परातीतल्या पिठात पडतात.

बँकेतल्या ठेवीला मुदत असते, तशी गिलाव्यालाही असते. मुदतीआधी मोडली की नुकसान आपलेच. आठवडाभर पाणी मारावे, मग निदान महिनाभर वाळू द्यावे. मुहूर्त टळत नसेल तर चुन्याचे दोन पातळ हात द्यावेत. चुना ओलीला वाट देतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. गावी परतल्यावर तो खरवडून, अस्तर लावून हवा तो रंग द्यावा. घामाच्या पैशाचे छत आहे. त्याला एवढी सवड द्यायलाच हवी.