‘सिस्टरला काय कळतं?’

‘डॉक्टर राउंडला आले की त्यांनाच विचारू, सिस्टरला काय कळतं?’ हे वाक्य कोणत्याही वॉर्डात ऐकू येतं. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहायचं आणि सिस्टरनं (किंवा ब्रदरनं) ते मुकाट्यानं करायचं, असा यामागचा समज. पण डॉक्टर रुग्णाजवळ असतात राउंडपुरते. बाकीच्या वेळी त्याच्यावर नजर असते ती परिचारिकेचीच.

लिहिलेला डोस न देणं हाही तिचा निर्णय असू शकतो. हृदयविकारात डिगॉक्सिन देण्याआधी नाडी मोजतात. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६०च्या खाली असेल, तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं असतं. असं थांबून कळवणं म्हणजे आगाऊपणा नव्हे, कामच आहे ते. औषध आपल्या मनानं बदलणं मात्र तिच्या अधिकारात येत नाही.

‘बीपी नॉर्मल आहे, मग घाबरायचं कशाला?’ हा समज सर्वांत घातक. ऑपरेशननंतर पोटात रक्तस्राव होत असला, तरी धडधाकट माणसाचं शरीर रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब बराच वेळ टिकवून धरतं. अंगातलं जवळपास ३० टक्के रक्त जाईपर्यंत आकडा ठीक दिसू शकतो. त्याआधी नाडी वाढते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, रुग्ण उगाच चुळबुळ करतो. नातेवाईक म्हणतात, ‘भूल उतरतेय.’ अनुभवी सिस्टर पांघरूण बाजूला करून ड्रेसिंग बघते, ड्रेनमध्ये किती जमलंय ते बघते.

श्वासांचंही तसंच. ब्रिटनमध्ये २०१२पासून वापरात आलेल्या धोकासूचक गुणपद्धतीत श्वास मिनिटाला २५ किंवा जास्त असतील, तर त्या एकाच नोंदीला सर्वाधिक ३ गुण मिळतात. श्वास नीट मोजायचे तर मिनिटभर छातीकडे बघत उभं राहावं लागतं. म्हणून तर घाईच्या पाळीत चार्टवर सगळ्यांपुढे सरसकट ‘२०’ पडतात. ही आपल्या वॉर्डांची जुनी खोड आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

‘काहीतरी बिनसलंय’ असं सिस्टरला वाटणं म्हणजे निव्वळ अंदाज, असंही म्हटलं जातं. पण सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात १९९०मध्ये तातडीच्या मदतीचं पथक सुरू झालं. अशा पथकांना बोलावण्याच्या निकषांत ‘कर्मचाऱ्याला रुग्णाची गंभीर काळजी वाटणं’ हाही एक असतो. आकडे हलण्याआधीचा चेहरा शेकडो वेळा पाहिलेल्या नजरेला तिथे पुरावा मानतात.

एका सिस्टरकडे पाच रुग्ण असले काय किंवा दहा, सारखंच, हाही भ्रमच. ‘लॅन्सेट’मध्ये २०१४ साली युरोपातल्या ९ देशांचा अभ्यास आला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. तरी आपल्या वॉर्डांतली रात्रपाळी पाहिलेल्याला तो पटायला जड जाणार नाही.

शिवाय रात्री दोनला फोन केल्यावर ‘एवढ्यासाठी उठवलंत?’ असं दोनदा ऐकलेली सिस्टर तिसऱ्या वेळी सकाळच्या राउंडची वाट बघते. तिला काय कळत होतं, ते मग केसपेपरवर कुठेच येत नाही.