एकदाच जास्त ‘लाईट’ का देत नाहीत?



परळच्या शाळेत शिकवायचं म्हणजे टाटा हॉस्पिटल मुलांच्या रोजच्या रस्त्यावरच. १९४१ साली सुरू झालेलं हे हॉस्पिटल १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, आजीला लाईट द्यायला रोज नेतात. एकदाच जास्त देऊन का नाही संपवत?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. नंतर वाचलं, ते तुमच्यासाठी मांडते.

पेशीतला पहारेकरी

लाईट म्हणजे किरणोपचार. किरणांनी गाठ भाजून निघते असं आपल्याला वाटतं. खरं तर किरण पेशीतला डीएनएचा धागा तोडतात. मग जागं होतं पी५३ हे प्रथिन. त्याचा शोध १९७९ चा. एरवी ते तयार होतं आणि लगेच मोडलंही जातं. धागा तुटला की मोडणं थांबतं आणि पी५३ साठू लागतं.

आपण वर्गात काय करतो? वहीत चूक दिसली की म्हणतो, "थांब, आधी दुरुस्त कर, मग पुढचं लिही." पानभर खाडाखोड असेल तर पानच काढून टाकायला लावतो. पी५३ हेच करतं. आधी पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं. नुकसान फारच असेल तर पेशीला स्वतःहून मरायला लावतं.

अडचण अशी, की जवळजवळ निम्म्या कॅन्सरमध्ये हा पहारेकरीच बिघडलेला असतो.

ऑक्सिजन कमी पडला की

चाळीतल्या आतल्या खोलीत वारा पोचत नाही, तसा गाठीच्या आतल्या भागात ऑक्सिजन पोचत नाही. एरवी व्हीएचएल हे दुसरं गाठ रोखणारं प्रथिन ‘हिफ’ नावाच्या प्रथिनाला मोडीत काढायला लावतं. ऑक्सिजन घटला की त्याला हिफ ओळखताच येत नाही. मग हिफ साठतं आणि नव्या रक्तवाहिन्या वाढवायला लावतं. या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं.

शिवाय किरणांनी केलेली मोडतोड पक्की व्हायला ऑक्सिजन लागतो. तो नसेल तर तेवढ्याच परिणामासाठी अडीच ते तीनपट किरण लागतात.

म्हणून रोज थोडं

एकदम मोठी मात्रा दिली तर आजूबाजूच्या चांगल्या पेशीही जातील. रोज थोडी दिली की त्यांना दुरुस्तीला वेळ मिळतो. गाठीच्या बाहेरच्या पेशी मरतात, मग आतल्या पेशींना ऑक्सिजन मिळू लागतो आणि पुढचे किरण त्यांनाही लागू पडतात.

मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. बाहेरच्या यंत्रातून किरण दिले असतील तर ते आजीच्या अंगात उरत नाहीत. (काही उपचारांत किरणोत्सारी औषध शरीरात देतात, तेव्हा डॉक्टर वेगळं राहायला सांगतात.) त्या मुलीने शेवटी हेच विचारलं होतं, "मग मी आजीजवळ झोपू ना?"

झोप बाळा, खुशाल झोप.